न वाचलेला ठराव

आमच्या चर्चच्या मंडळीची मराठी उपासना आता महिन्यातून एकदाच होते, चौथ्या रविवारी, दुपारी चार वाजता. दहा-अकरा जण येतो. पाळकसाहेब प्रार्थना हिंदीत करतात, गीतं आम्ही मराठीत म्हणतो, आणि शास्त्रवाचन माझ्याकडे असतं. चाळीस वर्षं ते माझ्याकडेच आहे. मी मोठा विश्वासू आहे म्हणून नव्हे. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण दुसऱ्याने लिहिलेलं समोर असलं तर मी अडखळत नाही. माझी बायको सरोजिनी म्हणायची, "छापलेलं असलं की तुमच्याएवढा शूर माणूस अख्ख्या गोरखपूर मोहल्ल्यात नाही." तिला जाऊन बावीस वर्षं झाली.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. निवृत्त होऊनही अठरा वर्षं होत आली. शास्त्रावरची जुनी भाष्यं वाचतो, वहीत टिपणं काढतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच टिपणं मला पोकळ वाटतात. हे लिहितो आहे तेही उद्या तसंच वाटेल. तरी या वेळी पान फाडायचं नाही असं ठरवलं आहे.

बुधवारी सकाळी दीप्ती आली. दीप्ती म्हणजे सत्यवतीबाईंची मुलगी. सिहोऱ्याला असते, तिथल्या शाळेत शिकवते. आईचं दुखणं वाढल्यापासून रजा काढून इथे आली आहे. सत्यवतीबाई माझ्या मागच्या गल्लीत राहतात. पोटाचा कर्करोग आहे. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं. ते असं का सांगतात हे सगळ्यांनाच कळतं.

दीप्ती आत आली नाही, दारातच उभी राहून बोलली.

"काका, आई दोन दिवसांपासून एकच गोष्ट बोलून राहिली. तिला प्रभुभोजन घ्यायचं आहे."

"मग मी आत्ता पाळकसाहेबांना फोन करतो. ते घरी येऊन देतात. भाकरीचा तुकडा अन् द्राक्षरस, अगदी थोडंसं असतं, बाईंना त्रास होणार नाही."

"तेच मी म्हटलं. तर म्हणते, नाही, मला मनाई आहे. आधी कमिटीची परवानगी आण. गुणवंतरावांकडे जा, तेव्हा तेच सेक्रेटरी होते, त्यांना सगळं माहीत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, कसली मनाई? माझ्या लग्नाची? ती अजून चालूच आहे?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"बघतो," मी म्हणालो. "मिनिटबुक बघावं लागेल."

मिनिटबुक बघायची काही गरज नव्हती.

दीप्तीचं लग्न २००५ साली झालं. सौमित्र तिच्या वर्गातला, हिंदू. मुलगा चांगला होता, अजूनही चांगलाच आहे. लग्न त्यांच्या पद्धतीने लागलं. सत्यवतीबाई मांडवात बसल्या, त्यांनी मुलीला हळद लावली, अक्षता टाकल्या. आमच्या मंडळीत तेव्हा एक नियम होता, आता तो कोणी पाळत नाही. अशा लग्नाला जे आईवडील बसतील त्यांना प्रभूच्या मेजापासून दूर ठेवायचं, म्हणजे प्रभुभोजन द्यायचं नाही. याला 'शिस्तीखाली घेणं' म्हणत. मग काही काळाने कमिटी ठराव करून त्या माणसाला परत घेई. पण घोषणेशिवाय शिस्त लागत नसे, आणि घोषणेशिवाय उठतही नसे. दोन्ही घोषणा उपासनेत, सगळ्यांसमोर, सेक्रेटरीने करायच्या. सेक्रेटरी मी होतो.

पहिली घोषणा मी केली. कागद समोर होता, त्यामुळे अडखळलो नाही. सत्यवतीबाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. नवरा वारून सहा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी, ती सिहोऱ्याला गेलेली. मी त्यांचं नाव वाचलं, कारण वाचलं, आणि त्या सबंध वेळ त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. नजर मीच कागदात घातली.

वर्षाने, ऑगस्ट २००६ मध्ये, कमिटीने ती शिस्त उठवली. पाच मिनिटांत विषय संपला. "विधवा बाई आहे, पुष्कळ झालं," असं कोणी तरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. ठराव मीच लिहिला. पुढच्या रविवारी तो वाचायचा होता.

तो कागद माझ्या खिशात होता. मी उठलो, महिला मंडळाच्या सभेची सूचना वाचली, मुलांच्या स्पर्धेची सूचना वाचली. मग तो ठराव. त्यात 'अमुक कारणासाठी शिस्तीखाली घेतलेल्या' असे शब्द होते, म्हणजे तेच कारण, तेच नाव, त्याच माणसांसमोर पुन्हा. मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. मला वाटलं, या बाईची लाज दुसऱ्यांदा कशाला काढायची? दाराशी हळूच सांगू. मी खाली बसलो. दाराशी त्या चपला शोधत होत्या, भोवती चार बायका होत्या. मला जमलं नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी तेव्हाच्या पाळकसाहेबांचा निरोप समारंभ निघाला. मग नवे पाळक आले.

माझ्याखेरीज कमिटीतले सगळे सभासद हिंदी उपासनेला जाणारे. त्यांनी धरून चाललं की मराठी उपासनेत घोषणा झाली. मराठी उपासनेला येणाऱ्यांनी पहिली घोषणा तेवढी ऐकलेली. कमिटीतली गोष्ट कमिटीबाहेर काढायची नाही, हा आमच्याकडचा आणखी एक नियम, आणि तो मात्र सगळ्यांनी पाळला. दोन्ही गोष्टी माहीत असलेला माणूस एकच उरला.

दर महिन्याला प्रभुभोजनाच्या वेळी एकेक बाक उठून वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला जाई. सत्यवतीबाई उठत नसत. पाय एका बाजूला वळवून बाकीच्यांना वाट करून देत. नव्या पाळकांनी विचारलं तर "माझं कारण आहे, साहेब," एवढंच म्हणत. दोन पाळकांनी मला विचारलं. मी म्हणालो, त्यांचा वैयक्तिक प्रश्न आहे. मला वाटे, बाई मानी आहे, रागावली आहे, तिलाच नको असेल. असं खरंच वाटे का? मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. माहीत होतं असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पहिली दोन वर्षं सांगायची राहून गेली म्हणून सांगायची लाज वाटली. पुढे ती लाजही जुनी झाली, आणि जुन्या लाजेबरोबर माणूस मुकाट राहायला शिकतो.

शुभवर्तमानात त्या तळ्याकाठच्या आजाऱ्याची गोष्ट आहे. अडतीस वर्षं पडून होता. पाणी हाललं की जो सगळ्यांत आधी उतरेल तो बरा व्हायचा, आणि याला उतरवणारं कोणीच नव्हतं. मी त्या गोष्टीवर तीनदा टिपण काढलं आहे, दर वेळी त्या आजाऱ्याच्या बाजूने. पण त्या काठावर चालतेफिरते लोकही असतीलच. त्याच्या शेजारून रोज जाणारा एखादा असेल. पाणी हाललेलं त्याने पाहिलं असेल. त्याच्याबद्दल शास्त्र काही सांगत नाही. बुधवारी दीप्ती गेल्यावर मला तो माणूस आठवत राहिला.

दुपारी मी चर्चच्या ऑफिसात गेलो. पाळकसाहेब, रेव्हरंड अनुपम, तिथेच होते. तिशीतले आहेत, मोटरसायकलवर बरगीकडच्या खेड्यांतसुद्धा उपासना घ्यायला जातात.

"जय मसीह की, अंकल. आज बुधवार को कैसे?"

मी जुनं मिनिटबुक कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. पान मला लगेच सापडलं. ठराव माझ्याच अक्षरात, आणि शेवटच्या रकान्यात 'घोषणा केल्याची तारीख व सही' असं छापलेलं. रकाना कोरा. ऑफिसात शिरण्यापूर्वी माझ्या मनात येऊन गेलं होतं की तिथे एखादी तारीख घालावी आणि सही करावी. शाई कोणी तपासायला येणार नव्हतं.

त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं. "ये तो दो हज़ार छह का है."

"हाँ."

"और घोषणा?"

मी कोऱ्या रकान्याकडे बोट केलं.

"मतलब वो बाई उन्नीस साल से..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"मैं भूल गया था," मी म्हणालो. मग माझं मलाच ऐकवेना. "नहीं. भूला नहीं था."

त्यांनी मिनिटबुक मिटून बाजूला ठेवलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "ठराव हो चुका है, तो अब कोई रोक नहीं है. मैं आज ही चलता हूँ. पर अंकल, ये बात उनको आपको ही बतानी पड़ेगी. मैं तब स्कूल में पढ़ता था, मेरा मुँह नहीं है."

मी म्हणालो, मी आधी जाऊन सांगून येतो, मग तुम्ही या.

पाच वाजता मी सत्यवतीबाईंकडे गेलो. त्या भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. हात काडीसारखे झाले आहेत, डोळे मात्र होते तसेच.

"काहून उभे आहात? बसा न," त्या म्हणाल्या. "आजारी मी, अन् तोंड तुमचं उतरलं."

मी बसलो. घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं. ते निघालं ते असं: "बाई, शिस्त उठली आहे. आता काही मनाई नाही."

"कमिटी बसली?"

"हो... बसली होती."

"इतक्या लवकर? सकाळी तर दीप्ती तुमच्याकडे आली. आपली कमिटी चहा कुठून मागवायचा त्याला दोन महिने घेते." त्यांना हसू आलं आणि हसण्याने पोटात कळ आली. दीप्तीने पाठ धरली. कळ ओसरेपर्यंत मी गप्प बसलो. ओसरल्यावरही गप्पच बसलो.

"पाळकसाहेब आजच यायला तयार आहेत," एवढंच नंतर म्हणालो.

"आज नाही. सगळ्यांसमोर काढलं, तर सगळ्यांसमोर घ्या. येता रविवार चौथाच आहे न? तुम्ही वाचा. त्याच जागेवरून वाचा. मग आणा त्यांना."

"बाई, रविवारपर्यंत..."

"रविवारपर्यंत मी कुठे जाऊन राहिली? तुम्ही वाचा तर खरं."

पुढचे तीन दिवस मी एक कागद लिहिला. आधी ठराव, त्याच्या तारखेसह. खाली माझे चार शब्द: हा ठराव एकोणीस वर्षांपूर्वी झाला, तो वाचण्याचं काम माझं होतं, मी वाचला नाही, दोष माझा आहे, सत्यवतीबाईंची आणि मंडळीची मी क्षमा मागतो. पाच वेळा लिहिला. 'दोष' हा शब्द कमी वाटला म्हणून 'अपराध' केला, तो नाटकी वाटला म्हणून परत 'दोष' केला. शनिवारी स्वच्छ अक्षरात उतरवून बायबलमध्ये ठेवला.

रविवारी आम्ही अकरा जण होतो. दीप्तीची मुलगी दुर्वाही आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. आजीला दाखवायला म्हणून ती पहिल्या बाकावर मोबाइल धरून बसली.

मी वाचनपीठापाशी उभा राहिलो. ठराव वाचायला लागलो. 'दिनांक' हा शब्द आला, आणि माझे डोळे त्यावरून उडी मारून पुढच्या ओळीवर गेले. चाळीस वर्षांत मी शास्त्रातला एक शब्द गाळलेला नाही. ठराव संपला. खाली माझं स्वतःचं अक्षर सुरू होत होतं. मी ते बघितलं. मोबाइल माझ्याकडे बघत होता. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. मी कागदाची घडी घातली.

"कोण वारलं?" मागच्या बाकावरून रामरावांनी मोठ्याने विचारलं. त्यांना ऐकू येत नाही, आणि हल्ली आमच्याकडे घोषणा बहुधा त्याच असतात.

"कोणी नाही, रामराव," शेजारच्या बाईंनी त्यांच्या कानात सांगितलं. "सत्यवतीबाईंना परत घेतलं."

"कुठे गेल्या होत्या?"

दोन-चार जण हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिली घोषणा ऐकलेल्यांपैकी इथे रामराव आणि मी असे दोघेच आहोत. ज्यांच्यासमोर बाईंचं नाव निघालं होतं, ती सगळी माणसं देवाघरी किंवा पुण्या-नागपूरला मुलांकडे गेली. सगळ्यांसमोर परत घ्या म्हणाल्या होत्या. ते सगळे आता कोठून आणायचे?

उपासनेनंतर पाळकसाहेब, दुर्वा आणि मी बाईंकडे गेलो. दुर्वाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "नानी, देखो, अंकल ने पढ़ा." बाईंनी ते दोनदा लावायला लावलं.

"आवाज तसाच आहे तुमचा," त्या मला म्हणाल्या. "तेव्हा होता तसाच."

पाळकसाहेबांनी भाकर डाळीच्या दाण्याएवढी तोडली, प्याल्यात बुडवून त्यांच्या जिभेवर ठेवली. बाईंनी डोळे मिटले. बराच वेळ ती तोंडात धरून होत्या. गिळली की नाही, आम्हाला कळेना. दीप्ती घाबरून पुढे वाकली. मग त्यांनी डोळे उघडले.

"चव विसरली होती," त्या म्हणाल्या.

दीप्ती रडायला लागली. सौमित्र सिहोऱ्याहून बसने नुकताच पोचला होता, तो दारात बूट हातात घेऊन उभा होता. आत यावं की नाही त्याला समजत नव्हतं. बाईंनीच त्याला हाक मारली. आणि मग माझा हात धरला.

"गुणवंतराव, तुम्ही माझ्यासाठी कमिटीशी भांडला असाल. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? किती जड गेलं असेल. देव तुमचं भलं करो."

"नाही, बाई. तसं नाही."

"बघ दीप्ती, हे असे आहेत. केलं तरी नाही म्हणतील."

जिन्यावर पाळकसाहेब थांबले. मला वाटलं, आता बोल लावतील. ते म्हणाले, "अंकल, बुधवार को मैंने कहा था बता दीजिए. अब मुझे नहीं मालूम. सच में नहीं मालूम." आणि हेल्मेट चढवून निघून गेले.

सोमवारचा सगळा दिवस मी पुस्तकांत घालवला. प्रभू सांगतो की तू अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. पण भावाच्या मनात काहीच नसेल तर? त्याला माहीतच नसेल, आणि तो उलट तुझे आभार मानत असेल तर? तीन भाष्यं उघडली. एकातही याबद्दल काही नव्हतं. एका टीकाकाराने समेटाचे टप्पे सांगितले होते, पहिला, दुसरा, तिसरा. मी ते पुस्तक मिटलं. तो माणूस कधी कोणाच्या बिछान्यापाशी बसला नसावा, असं वाटलं. मग वाटलं, मी तरी कधी बसलो?

मंगळवारी सकाळी मी गेलो. दीप्ती औषधं आणायला दुकानात गेली होती, दुर्वा आतल्या खोलीत अभ्यास करत होती. बाई जाग्या होत्या, रविवारपासून त्यांचा चेहरा उजळला होता. मी बसलो आणि या वेळी काही पाठ केलं नव्हतं.

"बाई, तुमची शिस्त आत्ता नाही उठली. २००६ साली उठली होती. ठराव झाला होता. तो मी वाचायचा होता. मी वाचला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा सांगू लागलो. त्यांनी हात किंचित वर केला.

"कोणत्या महिन्यात?"

"ऑगस्ट."

"म्हणजे एकच वर्ष होती."

"हो."

त्या छताकडे बघत राहिल्या. बाहेर भाजीवाल्याची हाक येऊन गेली. आत दुर्वा हळू आवाजात काहीतरी घोकत होती.

"दर महिन्याला," बाई म्हणाल्या, "तुम्ही लोक समोर जायचे, तेव्हा मी देवाला म्हणायची. पोरीने चूक केली की नाही मला माहीत नाही. केली असेल तर तिच्या वाटचं मी इथे बसून भोगते. तिला काही करू नको. तिच्या लेकराला काही करू नको. एक महिना नाही चुकवला. ताप होता तेव्हाही येऊन बसली." दम लागला म्हणून थांबल्या. "मग ते काय होतं?"

मी काय सांगणार होतो? ते व्यर्थ नव्हतं, देव मन बघतो, असं म्हणता आलं असतं. ते खरंही असेल. पण ते सांगण्याचा अधिकार जगात ज्या एका माणसाला नव्हता तो मी होतो.

"माफ करा, बाई," मी म्हणालो.

"रविवारी का नाही सांगितलं?"

"धीर झाला नाही."

"अन् आज कोणासाठी सांगितलं? माझ्यासाठी?" आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होत्या. "मी जाऊन राहिली होती चांगली. दोन दिवस झोप लागली मला."

त्यांच्यासाठी सांगितलं असं मी तोपर्यंत समजत होतो. त्यांनी विचारल्याबरोबर मला ते खात्रीने सांगता येईना. त्यांचे आभार मला सोसवत नव्हते, एवढं नक्की.

"दीप्तीला सांगू नका," त्या म्हणाल्या. "तिला वाटेल तिच्या लग्नापायी मी फुकट... नका सांगू."

"नाही सांगणार. बाई, माफ..."

"ते मला आज नाही जमणार." त्यांनी डोळे मिटले. "उद्या या."

बुधवारी मी गेलो. रात्री कळा वाढल्या होत्या, डॉक्टरांनी जोराचं औषध सुरू केलं होतं, त्या झोपेत होत्या. गुरुवारी गेलो, झोपेत होत्या. खुर्ची ओढून तासभर बसलो. दीप्तीने चहा आणून दिला आणि म्हणाली, "काका, तुम्ही रोज येऊन राहिले. आई किती शांत आहे बघा. तुमच्यामुळे झालं हे." मी चहा प्यायलो. तो गोड होता की नव्हता, मला आठवत नाही. ती म्हणाली, काही तरी वाचा न तिच्यासाठी, तिला तुमचं वाचणं आवडायचं. मी स्तोत्रं काढली आणि वाचलं. एकाही शब्दाला अडखळलो नाही.

आज शुक्रवार. साडेदहाला गेलो तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. दीप्ती अंथरूण नीट करत होती. बाईंनी मला ओळखलं, याबद्दल मला शंका नाही.

"आज कोणता वार?" त्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती.

"शुक्रवार, बाई."

"अच्छा."

मी थांबलो. दीप्ती चादरीचं टोक गादीखाली खोचत होती, तिच्यासमोर काही विचारता येत नव्हतं. मग ती काढलेली जुनी चादर घेऊन बाहेर गेली. खोलीत आम्ही दोघेच होतो. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी विचारू शकलो असतो. आज जमेल का, एवढेच तीन शब्द होते.

त्यांचे डोळे हळूहळू मिटत गेले. पुन्हा झोप लागेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत बसलो, आणि मग वाचायला घेतलं.